"काम चालू आहे" : ही पाटी आपण खरंच वाचतो का? (गणपतीला निघायच्या आधी बोलूया)

माणगावची_लेक

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी रात्री आम्ही ठाण्याहून माणगावला निघालो. गाडी दादा चालवत होता, मागे आई, वहिनी आणि दोन मुलं. पाऊस धो-धो नव्हता, पण काचेवरचे वायपर थांबत नव्हते. कोलाड सोडल्यावर एका ठिकाणी समोरचा रस्ता अचानक संपला. अचानक म्हणजे आम्हाला तसं वाटलं. तीन पिंपं ठेवलेली होती, त्यातली दोन आडवी पडलेली. पिंपांच्या पुढे एक माणूस मोबाइलचा टॉर्च गोल फिरवत उभा होता. दादाने करकचून ब्रेक मारला. गाडी थोडी घसरली आणि त्या माणसापासून हातभर अंतरावर थांबली.

काच खाली केली तेव्हा तो नीट दिसला. डोक्यावर खताची गोणी टोपीसारखी दुमडून घेतलेली. अंगातलं जॅकेट चिखलाने इतकं माखलेलं की मूळ रंग कळत नव्हता. छातीवरची चमकणारी पट्टी त्याने हाताने पुसली असावी, कारण तळव्याएवढाच तुकडा आमच्या दिव्यात चमकत होता, बाकी सगळा काळोख. तो चिडला नाही. फक्त म्हणाला, "धीरे साब, आगे गड्ढा है." त्याच्या मागे पुलाच्या कामासाठी खणलेलं होतं आणि सळ्या वर आलेल्या होत्या. आईने त्याला विचारलं, जेवलास का. त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

घरी पोचल्यावर मला झोप लागली नाही. कारण पाट्या होत्या. वडखळपासून "काम चालू आहे, वाहने सावकाश चालवा" अशा कितीतरी गेल्या. पहिल्या दोन-तीन पाट्यांना दादाने वेग कमी केला. तिथे ना माणूस, ना मशीन, ना खड्डा. मग त्याने वेग कमी करणं सोडून दिलं. मी शेजारी बसून मोबाइल बघत होते, मीही काही बोलले नाही.

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा शाळेत असलेली मुलं आता स्वतः गाडी चालवत गावी येतात. इतकी वर्षं "काम चालू" बघून आपली नजर मरून गेली आहे असं मला वाटतं. आता गणपतीला लाखो माणसं याच रस्त्याने उतरणार. रस्त्याचं काम चालू असलेल्या जागी कसं चालवायचं, हे लोकांपर्यंत पोचवायचं कसं? तुमचे अनुभव सांगा.

पेणचा_बाप्पा

अंगावर काटा आला ताई. सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचं. आईंना नमस्कार सांगा.

स्पष्टवक्ता_७१

सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. पण प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला जातोय. जागरूकता कुणाची करायची? पिंपं पडलेली होती, ती उभी करायची जबाबदारी कोणाची? जॅकेट चिखलाने भरलेलं, दिवा नाही, रात्री टॉर्चवर काम चाललंय. ठेकेदाराला हे सगळं पुरवायचे पैसे मिळतात. आधी त्याला जाब विचारा, मग चालकाला शिकवा.

खडी_डांबर

मी ९ वर्षं महामार्गाच्या कामांवर साइट इंजिनियर आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, पण बाकी जे आहे ते सांगतो. स्पष्टवक्ता, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि ते ऐकून घेतलंच पाहिजे.

नियम आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ नावाची मार्गदर्शिका आहे, २०१४ मध्ये सुधारलेली. त्यात कामाच्या जागेचे चार भाग सांगितलेत. पहिला भाग नुसता सूचनेचा, तिथे रस्ता मोकळाच असतो. दुसऱ्यात वाहतूक हळूहळू एका बाजूला सरकवतात. तिसऱ्यात प्रत्यक्ष काम. चौथ्यात गाड्या पुन्हा मूळ लेनवर येतात. लोकांना पहिल्या भागात काहीच दिसत नाही म्हणून वाटतं पाटी उगाच लावलीय. पण तो भाग वेग उतरवण्यासाठीच असतो. तिरकी कोनची (केशरी शंकूंची) रांग सुरू होईल तेव्हा तुमचा वेग आधीच उतरलेला हवा. कोन दिसल्यावर ब्रेक मारायला गेलात तर ओल्या रस्त्यावर उशीर झालेला असतो.

आता आमच्या चुका. काम पुढे सरकतं, पाटी मागेच राहते. ती काढणं कोणाचं काम, हे ठरलेलंच नसतं. मुख्य ठेकेदार म्हणतो पोटठेकेदाराने काढायची, पोटठेकेदार पुढच्या साइटवर गेलेला असतो. त्यामुळे माणगावची_लेक यांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. खोट्या पाट्या खऱ्या पाट्यांचा जीव घेतात.

जॅकेटच्या पट्टीत बारीक मणी असतात, ते दिव्याचा उजेड आला त्याच दिशेला परत फेकतात. त्यावर खडीची धूळ किंवा चिखल बसला की माणूस दिसेनासा होतो. पावसाळ्यात दोन तासांत बसतो. माझ्या साइटवर एका पोराला संध्याकाळी हेच काम दिलंय: बादली आणि फडकं घेऊन पिंपांच्या, बॅरिकेडच्या पट्ट्या पुसायच्या आणि झेंडेवाल्यांची जॅकेटं धुऊन द्यायची. हे बिलात कुठे बसत नाही, पण रोज करतो.

आणि झेंडेवाला. साइटवर सगळ्यात नवा, सगळ्यात कमी पगाराचा माणूस झेंडा घेऊन उभा राहतो. ज्याला मशीन येत नाही त्याला झेंडा. खरं तर सगळ्यांच्या जिवाची जबाबदारी त्याच्या हातात असते. या माणसाकडे बघून वेग कमी करा, एवढीच माझी चालकांना विनंती आहे.

अंगणातली_जाई

खडी_डांबर, कोन ठेवता का मग? आम्हाला तर नुसते दगड आणि पांढऱ्या गोण्याच दिसतात.

खडी_डांबर

ठेवतो. रात्रीत जातात. चांगल्या घरांच्या अंगणात, दुकानांसमोर पार्किंग अडवायला मी आमचे कोन पाहिलेत. लोखंडी बॅरिकेड भंगारात जातात. मग कोणीतरी दगड मांडतो. कोनला गाडी लागली तर कोन उडतो, माणूस वाचतो. दगडाला लागली तर काय होतं ते सांगायला नको. कुणाकडे महामार्गावरून आणलेला कोन असेल तर कृपा करून परत नेऊन द्या. कोणी काही विचारणार नाही.

चौदा_चाकी

माझे वडील २६ वर्षं ट्रक चालवतात, मी त्यांच्याबरोबर लहानपणापासून फिरलोय. आता हिशेब बघतो, पण महिन्यातून एक-दोन फेऱ्या अजून मारतो. कारवाल्यांना एकच सांगणं आहे.

डायव्हर्जन दिसलं की आम्ही लोडेड गाडीचा वेग लांबूनच कमी करतो आणि पुढे जागा सोडतो. ती जागा आमच्या ब्रेकसाठी असते. तिला रिकामी समजून कारवाला मध्ये घुसतो आणि लगेच ब्रेक लावतो, कारण पुढे रांग असते. आता माझ्यापुढे जागा नाही आणि मागे २५-३० टन माल ढकलतोय. रस्त्यावर कामाची बारीक खडी सांडलेली असेल तर चाकं नुसती सरकतात. पप्पा म्हणतात, डायव्हर्जनला पहिला नंबर लावून बक्षीस मिळत नाही.

दुसरं म्हणजे रांगेत शेवटची गाडी तुमची असेल तर मागून येणाऱ्याला कळेपर्यंत चारही इंडिकेटर चालू ठेवा. रांगेच्या शेपटीला धडक जास्त बसते.

गणित_गुरुजी

चारही इंडिकेटर पावसात चालू ठेवून चालवणारे बरेच दिसतात, तेही चूकच आहे. मग वळणार कुठे ते कळत नाही.

चौदा_चाकी

बरोबर गुरुजी. चालत्या गाडीत नाही. रांगेला येऊन थांबताना, आणि मागे दुसरी गाडी येऊन उभी राहिली की बंद.

गणित_गुरुजी

मग आता माझा विषय. नववीच्या मुलांकडून हे गणित करून घेतो, इथेही देतो. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. मोबाइलवर आलेला मेसेज बघायला दोन सेकंद लागले तर गाडी ४४ मीटर डोळे मिटून गेली. ताशी ४० ला तेच अंतर २२ मीटर. आणि वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते.

आता वाचतो किती वेळ? समजा कामाचा पट्टा ३ किमीचा आहे. ताशी ४० ने साडेचार मिनिटं, ताशी ८० ने सव्वादोन. सव्वादोन मिनिटांसाठी आपण त्या गोणीवाल्या माणसाचा जीव पणाला लावतो. मुलं हे गणित घरी जाऊन बाबांना विचारतात. पालकसभेत दोन वडिलांनी मला येऊन सांगितलं की आता मुलगी मागून ओरडते, "बाबा, बावीस मीटर!"

पेणचा_बाप्पा

"बाबा, बावीस मीटर" 😄 हे आमच्या घरीही सुरू करतो. लेकीला आजच शिकवतो.

चेसापीकची_सून

मी अमेरिकेत मेरीलँडमध्ये राहते, माहेर चिपळूणचं. इथला एक प्रसंग सांगते. २२ मार्च २०२३ ला बाल्टिमोरच्या रिंगरोडवर, आय-६९५ वर, दोन गाड्या प्रचंड वेगात होत्या. लेन बदलताना एकमेकींना घासल्या. त्यातली एक काँक्रीटच्या अडथळ्यांमधल्या फटीतून कामाच्या जागेत घुसली आणि सहा कामगार जागच्या जागी गेले. सकाळी मुलीला सोडायला जाताना मी त्याच रस्त्याने जाते. नंतर कित्येक दिवस तिथे फुलं ठेवलेली दिसायची.

जवळजवळ वर्षाने, २६ मार्च २०२४ ला, जहाज धडकून आमच्या इथला 'फ्रान्सिस स्कॉट की' ब्रिज पडला. जगभर पुलाची बातमी झाली. पण त्यात जे सहा गेले ते रात्रपाळीत पुलावर खड्डे बुजवत होते. जहाजाचा इशारा मिळाल्यावर पोलिसांनी दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली म्हणून गाड्यांतली माणसं वाचली. खड्डे बुजवणाऱ्यांपर्यंत कुणी पोचू शकलं नाही.

इथे दर एप्रिलमध्ये राष्ट्रीय पातळीवर एक आठवडा फक्त याच विषयाला देतात. १९९७ मध्ये व्हर्जिनियाच्या एका जिल्ह्यात तिथल्याच रस्ते विभागाच्या लोकांनी सुरुवात केली, २००० पासून देशभर होतो. एका दिवशी सगळे केशरी कपडे घालतात, शाळांतही. मला सगळ्यात जास्त चटका लावून गेलेली गोष्ट अशी की इथे कामाच्या जागी दरवर्षी आठशेहून जास्त माणसं मरतात आणि त्यात कामगारांपेक्षा गाड्यांतली माणसं कितीतरी जास्त असतात. म्हणजे वेग कमी करणं हा कामगारावर उपकार नाही. आपण आपल्याच पोरांना वाचवतोय.

स्पष्टवक्ता_७१

ताई, प्रसंग वाचून वाईट वाटलं. पण अमेरिकेतला दंड आणि तिथला कॅमेरा इथे नाही. केशरी शर्ट घालून कोलाडचा खड्डा भरत नाही.

चेसापीकची_सून

मान्य आहे, नुसत्या शर्टाने काही होत नाही. इथेही त्या अपघातानंतर कायदा बदलला, कामाच्या जागेतल्या वेगाचा दंड ४० डॉलर होता तो २०२४ मध्ये दुप्पट झाला. दोन्ही लागतं. पण दंड वाढवायला सरकारला भाग पाडलं ते लोकांनी, आणि लोकांना आधी त्या सहा जणांबद्दल माहीत होतं.

वकीलवाडा

स्पष्टवक्ता यांच्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे तो सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम माणसाच्या जिवापुढे काहीच नाही, पण हे कलम लोकांना माहीतच नाही. अपघात झाला की पोलीस चालकावर गुन्हा नोंदवतात आणि सगळे घरी जातात. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. केंद्राच्या त्याच अहवालात रस्त्याचं काम चालू असलेल्या जागेचा वेगळा रकाना असतो, म्हणजे सरकारलाही ही जागा वेगळी धोक्याची आहे हे ठाऊक आहे.

म्हणून पुरावा ठेवा. पडलेली पिंपं, न लागलेला दिवा, उघडा खड्डा दिसला तर शेजारी बसलेल्याने फोटो काढावा आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा लिहून ठेवावा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ ही हेल्पलाइन आहे. जीव धोक्यात असेल तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. आपल्या रस्त्याचं आणखी एक लक्षात ठेवा. पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे, तर इंदापूरच्या पुढे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग काम बघतो. लेखी तक्रार करताना हे बघून करा, नाहीतर कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

बुलेटवाला_कराड

दुचाकीवाल्यांचं कोणी बोललंच नाही! मी सातारा-कागल पट्ट्यातून रोज जातो, तिथे सहापदरीकरणाचं काम आहे. आमचा शत्रू वेगळाच आहे. एका लेनवर डांबराचा नवा थर टाकलेला असतो, शेजारच्या लेनवर नाही. मधे चार बोटांची पायरी तयार होते. गाडी चालवत असताना चाक त्या पायरीवर तिरपं चढवलं की हँडल हातातून जातं. माझा मित्र असाच पडला, मागून ट्रक नव्हता म्हणून आज तो आहे. लेन बदलायचीच असेल तर वेग अगदी कमी करा आणि पायरी सरळ चढा, नाहीतर आहे त्याच लेनमध्ये राहा. खरवडलेल्या रस्त्यावर, त्या बारीक रेघांच्या खोबणीत, चाक आपोआप डुलतं. घाबरून पुढचा ब्रेक दाबू नका.

अंगणातली_जाई

बुलेटवाला, हे मला कोणी सांगितलं असतं तर माझा गुडघा वाचला असता. 🙏

थोडं विषयांतर, पण कोकणकन्येची तिकिटं कोणाला मिळाली का? आमची ११८ वेटिंग आहे, म्हणून यंदा गाडीने जायचं ठरतंय आणि म्हणूनच हा धागा इतक्या मन लावून वाचतेय.

पेणचा_बाप्पा

तिकिटं कसली, उघडल्या-उघडल्या संपली. मंडळाच्या एसटीत दोन जागा आहेत, विरार ते गुहागर. विपु (विचारपूस) करा.

वाहकाची_पोर

एसटीचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझे बाबा एसटीत वाहक होते, आता निवृत्त आहेत. गणपतीच्या ज्यादा गाड्यांवर दुसऱ्या जिल्ह्यांतले चालक येतात. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या आगारांतून आलेल्यांना हा रस्ता नवीन असतो. कशेडीत आता बोगदा आहे, परशुराम घाटात दरड आहे, कुठे पूल अर्धा आहे, कुठे वळवलंय, हे त्यांना कुठून कळणार? बाबा अशा चालकाच्या शेजारी बसून रात्रभर जागे राहायचे आणि आधीच सांगायचे, "पुढे पूल, डावीकडे घ्या." प्रवाशांमधलं कुणीतरी रस्त्याचं माहितगार पुढे बसलं तर त्या चालकाला खूप आधार होतो. मंडळांनी हे ठरवून करावं.

रात्रपाळी_ठाणे

कामगारांबद्दल मला एवढंच सांगायचंय. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूरजवळ समृद्धीच्या पुलावर गर्डर उचलणारं यंत्र कोसळलं आणि २० माणसं गेली. मी त्या वेळी ठाण्यातल्या एका रुग्णालयात रात्रपाळीला होतो. आमच्याकडे कोणी आणलं नव्हतं, पण सकाळपर्यंत परराज्यातून फोन येत होते. नाव सांगायचे आणि विचारायचे, हा माणूस तुमच्याकडे आहे का. भाऊ, मेहुणे, एका फोनवर तर लहान मुलगी होती. नंतर तोच रस्ता आपण दोनशे रुपयांचं पेट्रोल वाचलं म्हणून कौतुकाने सांगतो. रस्त्यावरच्या माणसाला नाव असतं, घर असतं, एवढं जरी गाडीत बसलेल्या प्रत्येकाच्या मनात राहिलं तरी पाय आपोआप ब्रेकवर जाईल.

स्पष्टवक्ता_७१

रात्रपाळी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. मी ठेकेदाराबद्दल म्हटलं ते कायम आहे, पण चालकाला सांगायची गरज नाही असं म्हणणं मागे घेतो. १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या पुलाचे गर्डर पडले, तेव्हा मी चिपळुणातच होतो. गर्दी पुलाखाली जाऊन सेल्फी काढत होती आणि वर राहिलेलं बांधकाम लोंबत होतं. तेव्हाही मी फक्त कंपनीलाच शिव्या दिल्या. त्या पोरांना बाजूला व्हा असं म्हटलं नाही.

माणगावची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं मी दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या डोंबिवलीच्या मंडळाच्या चार बस जातात, त्यांच्यासाठी एक कागद छापायचा ठरवलाय, प्रत्येक सीटच्या मागे लावायला. कच्चा मजकूर असा:

"पुढे काम दिसलं की पिंपं दिसायच्या आधीच वेग ४० च्या खाली आणा. ट्रकपुढची मोकळी जागा त्याच्या ब्रेकची आहे, तिथे घुसू नका. चालकाशेजारी बसणाऱ्याने मोबाइल बाजूला ठेवून रस्ता बघावा. पडलेली पिंपं, उघडा खड्डा दिसला तर किलोमीटरचा दगड बघून १०३३. झेंडेवाल्याला हात दाखवा."

शेवटचं वाक्य आईने घालायला लावलं.

गणित_गुरुजी

बावीस मीटर राहिलं की!

माणगावची_लेक

घातलं गुरुजी, अगदी वरती, मोठ्या अक्षरात.

खडी_डांबर

हात दाखवा हे राहू द्या. रात्री बारा तास उभ्या असलेल्या माणसाला कोणी हात केला की तो ताठ उभा राहतो, मी बघितलंय.

आमच्या बाजूनेही एक सुरू केलंय. तुमची पोस्ट मी आमच्या मुकादमाला वाचून दाखवली. परवापासून ज्या पाटीच्या पुढे काम बंद असेल तिच्यावर गोणी बांधून झाकायची, सकाळी काम सुरू झालं की काढायची. माझ्या हद्दीत, सगळ्या रस्त्याचं मी सांगू शकत नाही.

माणगावची_लेक

म्हणजे उघडी पाटी दिसली की पुढे माणसं आहेतच?

खडी_डांबर

माणसं आहेत किंवा खड्डा आहे. खड्ड्याच्या पाट्या झाकणार नाही, काम असो नसो. तुम्ही कोणत्या रात्री निघताय ते कळवा, त्या दिवशी संध्याकाळी फडकं मी स्वतः फिरवतो.